अनुभव धागा: जावा बेट जमिनीवरून पार करताना

मयूरकॉलनीकर:
पुण्यात हल्ली प्रत्येक सोसायटीत कोणी ना कोणी बाली करून आलेलं असतं. आम्हाला त्याच्या शेजारचं जावा करायचंय, आणि तेही विमानाने उड्या न मारता. जकार्ताला उतरायचं, योग्यकार्ता, मग ब्रोमो आणि इजेन हे ज्वालामुखी करत पूर्व टोकाला पोचायचं आणि तिथून फेरीने बाली. आम्ही चौघं. त्यातली एक माझी मावशी, वय ६१. दर रविवारी सिंहगड चढते, त्यामुळे तिची काळजी नाही, बाकीच्या तिघांची आहे.

बेट लांबीला साधारण १००० किलोमीटर. आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, पण वस्ती १५ कोटींच्या वर आणि मधोमध जिवंत ज्वालामुखींची रांग. कुठे काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळाल्या. आधीच पक्कं काय करावं आणि मोकळं काय सोडावं, हे मात्र कुणी सांगत नाही. जाऊन आलेल्यांनी लिहा ना.

सह्यभटक्या:
पहिल्यांदा कॅलेंडर उघडा. तिकडे पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्या ट्रेकच्या सीझनच्या बरोबर उलट. मे ते सप्टेंबर उत्तम. मग रमजान ईद बघा. ईदच्या आगेमागे अख्खं जावा गावाकडे निघतं. आपल्याकडच्या गणपतीतल्या कोकण गाड्या डोळ्यांसमोर आणा आणि ते दिवस टाळा. तिसरी गोष्ट बालीची. त्यांचं नववर्षही शक संवत्सराचं, आपल्या पाडव्याच्या आसपास किंवा महिनाभर आधी येतं. त्या दिवशी, नेपीला, बालीचा विमानतळ, बंदर, रस्ते सगळं बंद. फेरी त्या तारखेला ठेवलीत तर जावाच्या काठावरच मुक्काम.

आता डोंगर. तिथली ज्वालामुखी यंत्रणा प्रत्येक पर्वताला धोक्याच्या चढत्या चारपैकी एक पातळी देते: नॉर्मल, वस्पादा, सियागा, आवास. ती त्यांच्या 'मॅग्मा इंडोनेशिया' या संकेतस्थळावर दिसते. पातळी वाढली की विवरापासून अमुक किलोमीटरच्या आत प्रवेश बंद. योग्यकार्ताजवळच्या मेरापीचा माथा तर २०१८ पासून ट्रेकर्सना बंद आहे. सेमेरू हा जावातला सर्वांत उंच डोंगर, ३६७६ मीटर. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या उद्रेकात पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा 'माथा गाठणारच' असल्या हट्टाने निघू नका. राजगडावर धुकं असलं तर आपण पुढच्या रविवारी जातो, तिथे पुढचा रविवार नसतो.

म्हणून माझा हिशोब असा: पश्चिमेकडच्या रेल्वे पक्क्या करा आणि सगळे मोकळे दिवस पूर्वेला, ब्रोमो आणि इजेनच्या मधे, राखून ठेवा. लोक नेमकं उलटं करतात. जकार्तात रमतात आणि शेवटी डोंगरांची फरफट होते.

डेक्कनबेसाल्ट:
भूशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं पाल्हाळ सहन करा.

आपण पुणेकर ज्वालामुखीच्या खडकावरच राहतो. पण दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून निघाला आणि पातळ असल्याने पसरत गेला. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्या त्यातूनच आल्या. जावाची गोष्ट वेगळी. तिथे दक्षिणेकडून समुद्रतळाचं भूपट्ट बेटाच्या खाली घुसतंय. त्यातून तयार होणारा शिलारस चिकट आणि वायूने भरलेला असतो, त्यामुळे तो वाहण्याआधी फुटतो. तिथे जीव जातो तो डोंगरउतारावरून सुसाट खाली येणाऱ्या तप्त राख-वायूच्या ढगांनी. मेरापीच्या २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून जास्त बळी गेले ते प्रामुख्याने त्याने.

दुसरा धोका 'लहार', म्हणजे राख आणि पाण्याचा चिखललोंढा. त्या दिवशी उद्रेक झालेला असायलाच हवा असं नाही. उतारावर जुनी राख साठलेली असते, वर जोराचा पाऊस पडला की नदीपात्रातून लोंढा उतरतो. होमस्टे निवडताना फोटोतला नदीकाठ बघून हुरळून जाऊ नका, तेवढंच.

तिसरी गोष्ट दिएंग पठाराची. योग्यकार्ताहून आडवाटेला आहे, पण वगळू नका. साधारण २००० मीटरवर सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराची छोटी हिंदू देवळं आहेत, आणि आज त्यांची नावं अर्जुन, भीम, घटोत्कच! पहाटेच्या धुक्यात 'भीम' लिहिलेली पाटी दिसली की पुण्याचा माणूस नकळत चपला काढतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दहिवर गोठतं, त्यामुळे उष्ण कटिबंध म्हणून नुसते टी-शर्ट नेऊ नका. मात्र १९७९ मध्ये याच पठारावर जमिनीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने १४० हून अधिक गावकरी गेले. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साठतो, ना रंग ना वास. आखलेली वाट सोडून फोटोसाठी खड्ड्यात उतरायचं नाही, विशेषतः वारा नसलेल्या सकाळी.

बुलेटवाला_कात्रज:
रेल्वे कसली करताय! बाइक भाड्याने घ्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. मी मित्रांबरोबर पूर्व जावा बाइकवरच केलं. टोल रोडवर दुचाकीला बंदी, त्यामुळे आपोआप गावागावांतून जाता येतं, आणि खरी मजा तीच. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करायचा, बाकी आरटीओत. एक वर्ष चालतो.

सह्यभटक्या:
दादा, चौघांत ६१ वर्षांच्या मावशी आहेत.

बुलेटवाला_कात्रज:
मावशी सिंहगड चढतात म्हणे. मागे बसतील की! बरं, गंमत सोडा. विम्याचा कागद नीट वाचा. दुचाकीवरचा अपघात बऱ्याच पॉलिसीत योग्य परवान्याशिवाय धरत नाहीत, आणि डोंगर चढण्याला काहींत उंचीची मर्यादा असते.

नळस्टॉपची_सून:
शाकाहारींसाठी. उपाशी राहाल हा पुण्यातला समज साफ चुकीचा. टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. ती आणि टोफू टपरीवरही मिळतं. पेचेल हा प्रकार शोधा: उकडलेल्या पालेभाज्यांवर दाण्याची तिखट चटणी. माझ्या सासूबाईंनी तिथे दोनदा मागून घेतला, आणि त्या घराबाहेर सहसा कशाचंच कौतुक करत नाहीत.

खरी अडचण तेरासीची. ही कोळंबी आंबवून केलेली चटणीची गोळी बहुतेक सांबालमध्ये (तिथल्या तिखट चटणीत) असते आणि दिसत नाही. 'तानपा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, एवढं पाठ करा. योग्यकार्तातला गुदेग हा कोवळ्या फणसाचा, नारळाच्या दुधात आणि गुळात शिजवलेला. पण ताटात बरोबर अंडं नि कोंबडी येते, आधीच सांगायचं. आमच्याकडे मेतकूट आणि दशम्या होत्याच, कारण ब्रोमोला मध्यरात्री निघताना दुकान उघडं नसतं.

फुफ्फुसतज्ज्ञ:
इजेनबद्दल नीट वाचा. ती प्रसिद्ध निळी ज्योत लाव्हाची नाही. भेगांतून निघणारा गंधकाचा तप्त वायू हवेत पेटतो, म्हणून ती अंधारातच दिसते आणि म्हणून सगळे मध्यरात्री चढतात. पायथ्याच्या पाल्तुदिंगपासून विवराच्या काठापर्यंत सुमारे ३ किलोमीटर खडी चढण. सिंहगडवाल्यांना दमछाकीचं काही वाटणार नाही. त्रास वायूचा. दम्याच्या रुग्णांनी विवरात उतरूच नये, काठावरून हिरवट निळं तळं बघावं. ते जगातलं सर्वांत मोठं तीव्र आम्लाचं तळं, तेवढं पुरे. बाकीच्यांनीही साध्या कापडी मास्कवर विसंबू नये, वायूसाठीचा फिल्टर असलेला मास्क तिथे भाड्याने मिळतो. हल्ली प्रवेशाला आरोग्य दाखला मागतात, तो तिथल्या दवाखान्यात होतो. मावशींचं ऑक्सिजन आणि बीपी इथूनच तपासून घ्या.

आणि वाट द्या. त्याच अरुंद पायवाटेने खाणकामगार कावडीत सत्तर-ऐंशी किलो गंधक खांद्यावर घेऊन वर येत असतात. त्यांना थांबवून सेल्फी मागणारे पाहिले की लाज वाटते.

पाषाणकर_काका:
निवृत्त बँकवाला आहे, पैशाचंच बोलतो. डॉलर न्या, पण कोरे करकरीत. दुमडलेल्या नोटांना तिथले चलनवाले कमी भाव देतात किंवा घेतच नाहीत. एक लाख रुपियाची (तिथलं चलन) नोट हातात आली की हुरळू नका, आपले पाच-साडेपाचशे. शून्यं मोजूनच द्या. व्हिसा पोचल्यावर मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस. आधी ऑनलाइन केला तर रांग वाचते.

मावळकन्या:
योग्यकार्तात 'ब्रोमो-इजेन-बाली' पॅकेज प्रत्येक गल्लीत विकतात. आम्ही घेतलं होतं. दिवसभर व्हॅन, मध्यरात्री उठून ब्रोमो, लगेच व्हॅन, पुन्हा मध्यरात्री उठून इजेन. इजेनच्या काठावर माझा भाऊ उभ्या उभ्या झोपला. वर प्रोबोलिंगोला, म्हणजे ब्रोमोसाठी उतरायच्या शहरात, व्हॅनवाल्याने स्टँडऐवजी ओळखीच्या एजंटच्या दारात उतरवलं आणि 'पुढची गाडी आता इथूनच' म्हणाला.

त्यापेक्षा प्रोबोलिंगोपर्यंत रेल्वे, वर ब्रोमोलगतच्या चेमोरो लावांग गावात दोन रात्री. ब्रोमो २३२९ मीटरच, पण तो एका प्रचंड जुन्या विवरात, राखेच्या मैदानात उभा आहे. पहाटेच्या गर्दीत सूर्योदय बघायच्या पेनांजाकान पॉइंटला न जाता दुसऱ्या दिवशी निवांत, उजाडल्यावर ते मैदान पायी पार करा. नाकाला ओला रुमाल, फुफाटा भयंकर. तिथले टेंगर लोक हिंदू आहेत. यज्ञ कसदाच्या सणात ते विवरात धान्य, भाज्या, कोंबड्या अर्पण करतात. तारीख दरवर्षी सरकते, जुळली तर सोडू नका.

आणि वाळलेल्या गवतात काहीही पेटवू नका! सप्टेंबर २०२३ मध्ये कुणाच्या तरी प्री-वेडिंग शूटच्या धुराच्या नळकांड्यांनी तिथलं गवताळ रान पेटलं होतं.

मयूरकॉलनीकर:
बापरे, किती लिहिलंत. पॅकेज रद्द. आता असं ठरतंय: जूनअखेर, जकार्ता-योग्यकार्ता रेल्वे आरक्षित, दिएंगला दोन रात्री, मग पूर्वेचं काहीच आरक्षित नाही. नवरा म्हणतो हे प्लॅनिंगच नव्हे. मावशी मात्र एकदम खूश. एक राहिलं: शेवटची रेल्वे नेमकी कुठे सोडायची? नकाशावर बनयुवांगीच्या नावाने बऱ्याच गोष्टी दिसतायत.

सह्यभटक्या:
इजेनला जायचं तर बनयुवांगी शहराचं स्टेशन. थेट बालीला जायचं तर शेवटचं केतापांग, फेरीचा धक्का तिथून चालत. जुन्या लेखांत त्याच स्टेशनला बनयुवांगी बारू म्हटलंय, गोंधळू नका. फेरी दिवसरात्र चालते, तासाभरात पलीकडे. पण जुलै २०२५ मध्ये याच सामुद्रधुनीत रात्री एक फेरी बुडाली होती, तेव्हा दिवसाची घ्या, वरच्या उघड्या डेकवर बसा, लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघून ठेवा. उतरल्यावर घड्याळ एक तास पुढे करा, बालीची वेळ वेगळी आहे.

बुलेटवाला_कात्रज:
मावशींना विचारा, बाइकचं काय ठरलं?