भाकरीचे वजन कोणत्या तक्त्यातून आणायचे?

तागडी (लातूर): आहाराची नोंद ठेवणारे साधन तयार करणाऱ्या ‘नवी थाळी’ यांनी काल येथे लिहिले की, अमेरिकी कृषी खात्याची माहिती सर्वांत विश्वासार्ह असल्यामुळे मापेही तिथलीच घ्यावीत, एक वाटी म्हणजे 240 मिलिलिटर धरावी आणि भाकरीला पोळीइतक्याच 120 कॅलरी द्याव्यात. हे वाचून गप्प बसवले नाही.

240 मिलिलिटर हा त्यांच्या वेष्टनांवरचा कप आहे. आमच्याकडे वरणासाठी मांडतात त्या वाटीत 150 मिलिलिटरही जेमतेम मावते. कॅलरीच हव्या असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने देशाचे सहा विभाग पाडून, नमुने गोळा करून 2017 मध्ये काढलेले 528 पदार्थांचे तक्ते आहेत. त्यांत ज्वारीची ऊर्जा 100 ग्रॅमला सुमारे 334 कॅलरी येते. (आकडे किलोज्यूलमध्ये आहेत, 4.184 ने भागायचे विसरलात, तर एका भाकरीत दिवसभराचे जेवण उरकेल.)

पण खरी अडचण पुढे आहे. हे आकडे कच्च्या धान्याचे आहेत. 60 ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे 200 कॅलरी. तीच तव्यावरून उतरवून काट्यावर ठेवली, की पाण्यामुळे 95 ग्रॅमच्या आसपास भरते, आणि हे वजन पिठाच्या आकड्याशी गुणले की 317 कॅलरी होतात. उलट तीच भाकरी चुलीशी टेकवून कडक होऊ दिली, तर वजन पुन्हा पिठाजवळ येते. कॅलरी तेवढ्याच, भाकरी तीच, नोंदी मात्र दोन. म्हणून वजन पिठाचेच घ्यावे.

नवी थाळी: आपला भागाकार बिनचूक आहे, याबद्दल अभिनंदन. पण माझे साधन प्रयोगशाळेसाठी नाही. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि ते ‘दीड भाकरी, एक वाटी वरण’ एवढेच सांगतात. रोज तीच चूक होत असेल, तर कालच्या जेवणाशी आजचे ताडून पाहता येते, आणि मला तेवढेच हवे आहे.

तागडी: चूक सर्व पदार्थांत सारखी असती, तर आपले म्हणणे मान्य केले असते. आपल्या तक्त्यात भाकरीच्या कॅलरी कमी आणि वरणाच्या वाटीच्या जास्त आहेत. वडिलांनी अर्धी भाकरी सोडून एक वाटी वरण वाढवले, तर साधन सांगेल की त्यांनी जास्त खाल्ले.

येसर: या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलत नाही. पीठ मोजायचे कोणी? पुरुषांनी तक्ते भरायचे आणि बाईने एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या हाताने काटा सांभाळायचा, असाच बेत दिसतो. आमच्या घरी एका आहारतज्ज्ञांच्या सांगण्यावरून हा प्रकार सुरू झाला होता. सासूबाईंनी काटा माळ्यावर टाकला, तेव्हा सुटका झाली.

माजलगावकर: आणि 60 ग्रॅमची भाकरी ही भाकरी म्हणायची का? आमच्या भागातून ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या घरी पहाटे ज्या भाकरी थापल्या जातात, त्यांतल्या एकीला 100 ग्रॅमच्या खाली पीठ लागत नाही. लातूरकरांनी आपली पापडासारखी भाकरी मराठवाड्याच्या माथी मारू नये.

तागडी: पापड कोणाला म्हणता? पातळ भाकरी थापायला हात लागतो. जाड थापून आत कच्ची ठेवणे कोणालाही जमते.

माजलगावकर: आमच्या आईच्या हातची भाकरी तव्यावर टम्म फुगते, कच्ची कुठून राहील? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला!

परभणीकर: भाकरीचा आकार सोडा, ज्वारी कोणती ते सांगा. येथील कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये लोह आणि जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ दिली, तरी गावोगाव सोयाबीनच पेरले जाते आणि दळायला ज्वारी विकत आणावी लागते. साधनात ज्वारीच्या नावाची एकच ओळ ठेवून काय साधणार?

तागडी: लोहाचा हिशेब करायचा असेल, तर वाण महत्त्वाचे. कॅलरीत वाणाने जो फरक पडेल, त्याच्या कितीतरी पट फरक माजलगावच्या आणि आमच्या भाकरीत आहे. हे त्यांनीच सिद्ध केले, त्याबद्दल आभार. एकच ठरावीक भाकरी धरणारा तक्ता दोन्ही घरांत चालणार नाही.

येसर: म्हणजे एवढे भांडून निष्कर्ष असा की, प्रत्येक घराची भाकरी वेगळी. हे मी चहा ठेवता ठेवता सांगितले असते. आता कामाचे ऐका. परातीत पीठ घेताना एकदाच वजन करा आणि भाकरी किती झाल्या ते मोजा. आठवड्यातून एक दिवस पुरे, रोज काट्याचा जाच नको. वरणाचेही तसेच: कच्ची डाळ किती घातली आणि वाट्या किती निघाल्या, एवढे पाहा. तेलाला पळीचे माप लावूच नका, फोडणीत कोणाचा हात सारखा नसतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. भाकरीवरून एकमेकांच्या आया काढणाऱ्यांपैकी एकानेही हा आकडा मांडला नाही.

नवी थाळी: तेलाचा हिशेब मी साधनात घालतो. भाकरीसाठी ‘एका दिवसाचे पीठ’ आणि ‘भाकरींची संख्या’ असे दोन रकाने ठेवतो. तागडी यांचे म्हणणे मान्य केले असे कृपया समजू नये. वडिलांना रकाने भरता येत नाहीत, म्हणून भाकरीच्या जागी 120 काढून 200 तेवढे आधीच लिहून ठेवतो.

माजलगावकर: आमच्यासाठी 334 लिहा.