उतारावरचा पार-३ : टी किती उंच ठेवावा?

माळरान
नऊ होलच्या गोल्फ कोर्सचा आराखडा चालू आहे. सहावा होल टेकडीवरून खाली येणारा पार-३ (तीन फटक्यांत संपवायचा), अंतर १६५ यार्ड. ग्रीन, म्हणजे खळीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, ही टीपेक्षा, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपेक्षा, ६० फूट खाली. मालकांना वरून दिसणारा देखावा हवाच आहे. टी तिथेच ठेवावा की खाली आणावा?

सात_नंबर
६० फूट म्हणजे २० यार्ड. खाली पडताना चेंडू पुढेही जातो, म्हणून तेवढंच अंतर सरसकट १६५ मधून वजा धरतात, पण ते चेंडू किती उभा उतरतो यावर ठरतं. ५० अंशांत उतरणाऱ्या शॉटला १७ यार्ड वजा, ४० अंशांत उतरणाऱ्याला जवळपास २४. शिवाय आडवा उतरलेला चेंडू घरंगळतोही जास्त. म्हणजे हायब्रिड किंवा वुड (चेंडू लांब पण आडवा नेणाऱ्या काठ्या) घेणारा खेळाडू हमखास ग्रीनच्या पार जातो. मागे लगेच पाणी किंवा खोल उतार ठेवलात तर फटका नेमका कमी ताकदीच्यांना बसेल. तिथे दहा-बारा यार्ड सपाट गवत सोडा.

वाऱ्याचंही बघा. चेंडू जितका जास्त वेळ हवेत, तितका वाहवतो. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच कोर्सचा सातवा होल जेमतेम १०६ यार्डांचा आणि उतारावरचा, तरी समुद्राचं वारं सुटलं की वेज या कमी पल्ल्याच्या काठीऐवजी लांब जाणारी मधली आयर्न काढावी लागते.

हिरवळ
देखाव्यापेक्षा मोठा फायदा म्हणजे ग्रीनचे चढउतार टीवरूनच वाचता येतात. अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सचा सहावा होल बघा : १८० यार्ड, ग्रीनच्या मागे उजवीकडे उंच टप्पा. झेंडा तिथे असला की चूक कुठे परवडेल हे वरूनच कळतं. तुमचं ग्रीन साधं सपाट असेल तर उंचीचा उपयोग फोटोपुरताच. आणि जिथे फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) बसणार नाही अशी तीव्र जमीन पार-३ला चालते, हेही खरं.

तोटा चढाईचा. पाचव्या ग्रीनवरून टीपर्यंत सहा मजले चढायचे असतील तर चालणारे खेळाडू दमतात, आणि पार-३वर आधीच खोळंबा असतो.

पाटचारी
दोन गोष्टी कागदावर नेहमी सुटतात. टेकडीचं पाणी थेट ग्रीनवर येतं, म्हणून वरच्या अंगाला, ग्रीनच्या काठापासून थोडी लांब, उथळ रुंद चर काढून पाणी बाजूने वळवा. दुसरं, टीचं क्षेत्रफळ. पार-३वर बहुतेक जण टीवरून आयर्न मारतात, त्यामुळे डिव्हट (फटक्याने उखडलेलं गवत) जास्त पडतात. वर्षाच्या दर हजार राउंडला (एका खेळाडूची कोर्सवरची एक फेरी) २०० चौरस फूट धरतात, पार-४च्या दुप्पट. वर्षाला २०,००० राउंड असतील तर ४,००० चौरस फूट लागतील. टेकडी कापून एवढी सपाटी मिळते का, ते आधी मोजा. भरावाचा उतार तीनास एकपेक्षा (तीन फूट आडवं, एक फूट उभं) तीव्र केलात तर त्यावर मशीनने गवत कापणं अवघड.

माळरान
पुढचे टी त्याच रेषेत खाली उतरवले तर?

सात_नंबर
एकाखाली एक नको, डावी-उजवीकडे सरकवा. नाहीतर पुढच्या टीच्या भरावामुळे मागच्या टीवरून ग्रीनची पुढची कड दिसत नाही. माझं मत, मुख्य टी ३५-४० फुटांवर आणा. ३०, ४५ आणि ६० फुटांवर खुंट्या ठोका, ग्रीनच्या जागी झेंडा लावा आणि प्रत्येक खुंटीपाशी उभं राहून बघा. ग्रीनची पुढची कड आणि बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) तळ जिथून पहिल्यांदा पूर्ण दिसतो, त्याहून वर जाण्यात खेळाला काही मिळत नाही.