मदत हवी आहे: की यूझरवरून सॅप एमएम कन्सल्टंट व्हायचंय, आधी सर्टिफिकेशन की आधी प्रोजेक्ट?

नमस्कार,

मी एका उत्पादन कंपनीच्या खरेदी विभागात बरीच वर्षं काम करते. आमच्याकडे सॅप ईसीसी (कंपनीचे व्यवहार चालवणाऱ्या सॅप सॉफ्टवेअरची जुनी पिढी) आहे आणि विभागाची की यूझर, म्हणजे सिस्टीमबद्दल सगळे जिला विचारतात ती, मीच. पीओ (खरेदी ऑर्डर) कुठल्या रिलीजवर, म्हणजे मंजुरीच्या टप्प्यावर, अडकलीय ते शोधणं, महिनाअखेरीला जीआर-आयआर खात्यातल्या (माल आला पण बिल नाही, किंवा उलट) जुन्या नोंदींचा पाठपुरावा, नव्या लोकांना मिगो (माल जमा करायचा स्क्रीन) आणि मिरो (बिल नोंदवायचा स्क्रीन) शिकवणं हे सगळं माझ्याकडे येतं. हे काम मला मनापासून आवडतं. आता सिस्टीम नुसती वापरण्यापेक्षा ती दुसऱ्यांसाठी उभी करायचं काम करावं, म्हणजे एमएमची (सॅपमधला खरेदी आणि साठ्याचा भाग) फंक्शनल कन्सल्टंट व्हावं, असं ठरवलंय.

अडचण अशी की जो तो वेगळं सांगतो. एक म्हणतो, सर्टिफिकेशन नसेल तर रेझ्युमे कोणी उघडूनही बघत नाही. दुसरा म्हणतो, सर्टिफिकेटवाले पुष्कळ आहेत, मुलाखतीत पहिला प्रश्न 'इम्प्लिमेंटेशन किती केलीत', म्हणजे सिस्टीम उभारायचे किती प्रोजेक्ट केलेत, हाच असतो. इम्प्लिमेंटेशनवर घ्यायला अनुभव मागतात आणि तो अनुभव इम्प्लिमेंटेशनशिवाय मिळत नाही. एका प्रशिक्षण संस्थेत चौकशी केली, तर कोर्स संपल्यावर रेझ्युमेत दोन प्रोजेक्ट 'टाकून देऊ' म्हणाले. तिथे मी जाणार नाही, हे नक्की. पण असलं काही न करता लोक या क्षेत्रात कसे शिरतात, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय.

दुसरी काळजी ईसीसीची. ईसीसी ६.० च्या अलीकडच्या एन्हान्समेंट पॅकेजेसचा (सुधारणा-संचांचा) मुख्य मेंटेनन्स (सॅपकडून मिळणारी देखभाल) २०२७ च्या अखेरीस संपतोय, जादा पैसे मोजले तर २०३० पर्यंत मिळतो. म्हणजे मला जे येतं ते लवकरच जुनं होणार का? थेट एस-फोर हाना ही नवी पिढीच शिकू का? आणि एबीएपी (सॅपची प्रोग्रामिंग भाषा) थोडंफार यायलाच हवं का?

जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

तुम्ही त्या संस्थेला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. मी एमएममध्ये बराच काळ आहे, मुलाखतीही घेतो. खोटा प्रोजेक्ट उघडा पडायला फार वेळ लागत नाही. 'कटओव्हरला (जुन्या सिस्टीमवरून नव्यावर जाताना) ओपन पीओ कशा आणल्या? अर्धा माल आलेला आणि बिल न आलेल्या पीओंचं काय केलंत?' एवढं विचारलं की पुढचं बोलणंच खुंटतं. ज्याने ते काम केलंय त्याच्याकडे या प्रश्नावर सांगायला खूप असतं, आणि बहुतेकदा तो थोडा वैतागूनच सांगतो.

तुमचं भांडवल खरेदीचं ज्ञान हेच आहे. जीआर-आयआरचं दुखणं स्वतः सोसलेला कन्सल्टंट क्लायंटला लगेच ओळखू येतो. तुम्हाला कमी पडतंय ते पडद्यामागचं कॉन्फिगरेशन (सिस्टीमच्या सेटिंग्ज), आणि त्यातही फायनान्सशी होणारा जोड. एमएममधले बरेच नवे लोक इथेच अडखळतात.

म्हणून सराव असा करा. सँडबॉक्समध्ये (सरावाच्या सिस्टीममध्ये) स्वतःचा प्लांट (कारखाना), स्टोरेज लोकेशन (गोदाम) आणि परचेसिंग ऑर्गनायझेशन (खरेदी विभाग) उभं करा, प्लांट कंपनी कोडला (सिस्टीममधल्या कंपनीला) जोडा. मग स्टँडर्ड प्राइस (आधी ठरवून ठेवलेली किंमत) १०० असलेलं मटेरियल घ्या, ११० दराने १० नगांची पीओ करा आणि १०१ या मूव्हमेंट कोडने माल जमा करा. अकाउंटिंग डॉक्युमेंट उघडलंत की स्टॉक खात्यात १००० डेबिट, किंमत-फरकाच्या खात्यात १०० डेबिट आणि जीआर-आयआरला ११०० क्रेडिट दिसेल. ही तिन्ही खाती सिस्टीमने कुठून उचलली? ओबीवायसी या खाती ठरवायच्या स्क्रीनमध्ये जाऊन बीएसएक्स (स्टॉक), पीआरडी (किंमत-फरक) आणि डब्ल्यूआरएक्स (जीआर-आयआर) या कीज बघा, मटेरियल मास्टरमधल्या (मालाच्या मूळ नोंदीतल्या) व्हॅल्युएशन क्लासपर्यंत (मालाच्या हिशेबी गटापर्यंत) मागे जा.

हे जमलं की सँडबॉक्समध्ये मुद्दाम बिघाड करा. डब्ल्यूआरएक्सचं खातं काढून टाका आणि पुन्हा जीआर (माल जमा) करून बघा. एम८-१४७ हा एरर येईल, अकाउंट डिटरमिनेशन (खातं ठरवणं) शक्य नाही म्हणून. तो मेसेज नीट वाचा. चार्ट ऑफ अकाउंट्स (खात्यांची यादी) कुठला आणि कुठल्या कीला खातं सापडलं नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष सपोर्टमध्ये हा एरर हमखास भेटतो, आणि तो वाचता येणारा माणूस टीमला हवाच असतो.

सर्टिफिकेशन कराच, पण या सरावानंतर. तुमच्यासाठी सोर्सिंग अँड प्रोक्युअरमेंटची असोसिएट पातळीची परीक्षा योग्य आहे. सॅपच्या स्वतःच्या लर्निंग साइटवर लर्निंग जर्नी (टप्प्याटप्प्याचे कोर्स) फुकट आहेत, पैसे परीक्षेचे पडतात. बाजारात परीक्षेतल्या प्रश्नांचे डम्प (पाठ करायचे तयार संच) मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पाठ करून पास झालेला माणूस पहिल्याच वर्कशॉपमध्ये गप्प बसतो. सर्टिफिकेट कायमचं राहत नाही, हेही लक्षात ठेवा. ठरावीक मुदतीत छोटी चाचणी देऊन ते चालू ठेवावं लागतं. त्यामुळे नोकरी शोधायला सुरुवात करण्याच्या सुमारास ते हातात यावं, असा बेत आखा.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला +१. ईसीसी आणि एस-फोरबद्दल थोडं.

ईसीसीचं ज्ञान वाया जात नाही. उलट जुन्या सिस्टीमवरून नवीनवर जाताना दोन्ही बाजू कळणारी माणसंच लागतात. पीओ, जीआर, बिल ही साखळी तीच आहे. बदललेल्या गोष्टी आधी शिका. व्हेंडर मास्टर (पुरवठादाराची मूळ नोंद) वेगळा राहिला नाही, सगळं बिझनेस पार्टनर या एकाच नोंदीतून होतं. मालाच्या हालचाली साठवणाऱ्या एमकेपीएफ आणि एमएसईजी या टेबलांचं काम आता मॅटडॉक करतं, फायनान्सच्या नोंदी अकडोका या एकाच टेबलात येतात. मटेरियल लेजर (मालाच्या मूल्याची खातेवही) सक्तीचं झालंय. पीओच्या मंजुरीसाठी जुन्या रिलीज स्ट्रॅटेजीला पर्याय म्हणून फ्लेक्सिबल वर्कफ्लो आलाय. रिलीजचा त्रास तुम्ही रोज बघता, तेव्हा हा विषय तुम्हाला पटकन जमेल.

सॅप अ‍ॅक्टिव्हेट ही इम्प्लिमेंटेशनची पद्धतही समजून घ्या. आता कोऱ्या कागदावर ब्लूप्रिंट (आराखडा) लिहायला बसत नाहीत. तयार प्रोसेस सिस्टीममध्ये दाखवायची आणि कुठे बसत नाही ते टिपायचं, याला फिट-टू-स्टँडर्ड म्हणतात. की यूझर म्हणून तुम्ही टेबलाच्या पलीकडे, क्लायंटच्या बाजूला बसलेल्या आहात, हा मोठा फायदा.

एबीएपी लिहिता यायची गरज नाही. डिबगरमध्ये (कोड पायरीपायरीने तपासायच्या साधनात) ब्रेकपॉइंट लावून कोड कुठे थांबतो ते बघता आलं आणि डेव्हलपरला नेमकी फंक्शनल स्पेक (काय हवंय त्याचं वर्णन) लिहून देता आली, की पुरे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डब्ल्यूआरएक्सचा प्रयोग वाचूनच हात शिवशिवायला लागले. पण कंपनीच्या सिस्टीममध्ये मला कॉन्फिगरेशनचे अधिकार नाहीत आणि ते मागणं बरोबरही वाटत नाही. सराव कुठे करू?

प्रतिसाद १

प्रॉडक्शनचे (रोजच्या कामाच्या खऱ्या सिस्टीमचे) अधिकार मागू नकाच. पण आयटीच्या प्रमुखांना सँडबॉक्समध्ये निदान डिस्प्ले (फक्त बघायचे) अधिकार मागायला हरकत नाही. ओबीवायसी नुसतं बघता आलं तरी पुष्कळ समजतं. स्वतःचं हवं असेल तर सॅपच्या क्लाऊड अप्लायन्स लायब्ररीत एस-फोरची तयार सिस्टीम ट्रायलवर मिळते, मुदत महिनाभराची. लायसन्सचे पैसे नाहीत, पण ज्या क्लाऊडवर ती चालते त्याचं बिल तुम्हाला येतं. काम झालं की सिस्टीम सस्पेंड करा, नाहीतर बिल चढत राहतं. आधी लर्निंग जर्नी पूर्ण करा, काय काय करून बघायचं ते लिहून काढा आणि मगच ट्रायल सुरू करा.

आणखी एक. तुमच्या कंपनीलाही २०२७ चुकणार नाही. एस-फोरवर जायचा विषय आज ना उद्या निघेलच. तेव्हा खरेदीकडून कोअर टीममध्ये तुमचं नाव जावं, असं तुमच्या वरिष्ठांशी आत्ताच बोलून ठेवा. तिथे डेटा साफ करणं, टेस्ट स्क्रिप्ट लिहिणं, कटओव्हर हे सगळं तुमच्या हातून होईल, आणि रेझ्युमेवरचा पहिला प्रोजेक्ट खरा असेल. वरिष्ठांशी काय बोलायचं त्याचा मसुदा इथे टाकलात तर बघून सांगतो.