मदत हवी आहे: लाल गळ्याचा बुलबुल पिक्नोनोटस की रुबिगुला? गावाच्या नोंदवहीत काय लिहू?

नमस्कार मंडळी,

दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या प्राणी-वनस्पतींची लिखित नोंद) नव्याने लिहायला घेतली आहे. पक्ष्यांचा भाग माझ्याकडे आलाय आणि मी बुलबुलांपाशी अडकलोय. जाणकारांनी वेळ काढून वाचावं ही विनंती. (खाली मी जीनसला 'प्रजाती' आणि स्पीशीजला 'जात' म्हणतोय.)

लालबुड्या आणि शिपाई बुलबुल यांचा काही प्रश्न नाही. दोघंही परसात, कुंपणावरच्या टणटणीत, रस्त्याकडेच्या उंबरावर दिसतात. पिक्नोनोटस कॅफर आणि पिक्नोनोटस जोकोसस ही त्यांची नावं जुन्या पुस्तकांत आहेत तीच आजही आहेत. घोळ आहे तो रानातल्या तिघांचा.

पहिला काळ्या डोक्याचा, पिवळ्या अंगाचा, गळ्यावर लालभडक ठिपका असलेला. गोव्याचा राज्यपक्षी तो हाच. गावातले एक आजोबा म्हणाले, "ह्यो रानातच गावता, परसात येना नाय." वर्णनाला ही ओळ पुरेशी आहे, मी ती जशीच्या तशी वहीत घेतली आहे. पण शास्त्रीय नाव? आमच्याकडच्या जुन्या टंकलिखित यादीत पिक्नोनोटस मेलॅनिक्टेरस आहे, एका पुस्तकात पिक्नोनोटस गुलारिस, आणि मोबाइलवरचं ईबर्ड हे पक्षी-नोंदींचं ॲप सांगतं रुबिगुला गुलारिस.

दुसरा पिवळ्या भुवईचा, शेंडी नसलेला, घाटाच्या पायथ्याच्या दाट झाडीतला. याची नावं आयोले इक्टेरिका, हिप्सिपेटेस इंडिकस आणि ॲक्रिटिलास इंडिका. तिसरा काळा बुलबुल, लाल चोचीचा, आंबोलीकडे गेलं की हमखास. तो एका ठिकाणी हिप्सिपेटेस मादागास्करिएन्सिस, दुसरीकडे हिप्सिपेटेस ल्युकोसेफॅलस आणि आता हिप्सिपेटेस गणेसा.

म्हणजे पक्षी पाच आणि नावं अकरा. ज्यांनी आधीच्या याद्या एकत्र केल्या त्यांनी प्रत्येक नाव स्वतंत्र पक्षी धरलं आहे. मला हे फार लागतं. उद्या कुणी या वहीवरून म्हणेल की पूर्वी इथे अकरा प्रकारचे बुलबुल होते आणि आता पाचच उरले, तर ते साफ खोटं असेल. आणि खरंच एखादा पक्षी नाहीसा झाला तर ते या गर्दीत कळणारच नाही.

म्हणून विचारतो. पिक्नोनोटस ही एवढी जुनी प्रजाती फोडायची गरज का पडली? रुबिगुला आता पक्कं धरायचं का? आणि कुठलं जुनं नाव कुठल्या पक्ष्याचं हे माझ्यासारख्या माणसाने कसं ओळखायचं? मी वनस्पती थोड्या शिकलोय, पक्षिशास्त्र नाही, तेव्हा सोपं करून सांगावं.

प्रतिसाद १

दादा, सरळ ईबर्डवरचं नाव लिहा आणि मोकळे व्हा. ग्रामपंचायतीत कोण प्रजाती तपासणार आहे?

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याशी मी अर्धाच सहमत आहे. आजचं नाव लिहायला हवंच, पण जुनं टाकून दिलं तर मागच्या नोंदींशी दुवा तुटतो. तुम्ही विचारलेल्या क्रमानेच उत्तर देतो.

पिक्नोनोटस ही प्रजाती बोई याने १८२६ साली मांडली. तिचा नमुना पक्षी, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याच्याशी कायमचं बांधलेलं असतं तो, दक्षिण आफ्रिकेतला केप बुलबुल. पुढच्या दीडशे वर्षांत आशिया-आफ्रिकेतला जो बुलबुल दुसरीकडे बसेना तो या प्रजातीत टाकला गेला, आणि ती वाढत वाढत चाळिसाच्या आसपास जातींची झाली. बसवताना पाहिलं काय? शेंडी, चोच, शेपटीखालचा रंग, गळ्यावरची पिसं. ही बाहेरची लक्षणं दगा देऊ शकतात. क्रिनिगर या बुलबुलांच्या दुसऱ्या प्रजातीचं उदाहरण घ्या. गळ्याशी दाढीसारखी पिसं म्हणून आफ्रिकेतले आणि आशियातले बुलबुल एकाच प्रजातीत होते. डीएनए तपासल्यावर दिसलं की आफ्रिकेतल्या बुलबुलांची मोठी शाखा आशियातल्यांपासून फार पूर्वीच वेगळी झाली आहे आणि ती दाढी दोन्हीकडे स्वतंत्रपणे आली. आशियातल्या दाढीवाल्यांना आता अलोफॉइक्सस म्हणतात.

प्रजातीचा आजचा नियम एवढाच आहे की तिच्यातल्या सगळ्या जाती एका पूर्वजाच्या असाव्यात आणि त्या पूर्वजाचा कुठलाही वंशज बाहेर राहू नये. शाक्य आणि शेल्डन यांचा जगभरच्या बुलबुलांवरचा अभ्यास २०१७ साली आयबिस या नियतकालिकात आला. त्यात जुनी पिक्नोनोटस या कसोटीला उतरली नाही, म्हणून तिच्यातून काही गट वेगळे काढावे लागले. अशा वेळी मूळ नाव राहतं ते नमुना पक्षी ज्या गटात असेल त्याच्याकडे. आपले लालबुड्या आणि शिपाई केप बुलबुलाच्या बाजूचे आहेत, म्हणून ते पिक्नोनोटसच राहिले. लाल गळ्याचा त्या बाजूचा नाही. त्याच्या गटाला ब्लाइथने १८४५ मध्ये दिलेलं रुबिगुला हे नाव होतंच, तेच पुन्हा वापरात आलं. तेव्हा हो, रुबिगुला निर्धास्तपणे लिहा.

आता ओळखायचं कसं. नावाच्या पहिल्या शब्दाकडे पाहू नका, शेवटच्याकडे पाहा. प्रजाती बदलली तरी जातीचा शब्द सहसा तोच राहतो, फक्त प्रजातीच्या लिंगाप्रमाणे त्याचा शेवट फिरतो. हिप्सिपेटेससोबत इंडिकस, ॲक्रिटिलाससोबत इंडिका. संगणकावर याद्या जुळवत असाल तर 'इंडिक' एवढंच शोधा.

दुसरी खूण कंसाची. शास्त्रीय नावामागे त्या जातीला पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. रुबिगुला गुलारिस (गूल्ड, १८३६) असं लिहितात तेव्हा कंस सांगतो की गूल्डने हा पक्षी वेगळ्या प्रजातीत ठेवला होता. लालबुड्याला लिनियसने १७६६ मध्ये कस्तुरांच्या टर्डस प्रजातीत घातलं आणि शिपायाला १७५८ मध्ये खाटकांच्या लॅनियसमध्ये, म्हणून दोघांच्या मागे लिनियस कंसात येतो. काळ्या बुलबुलाला कंस नाही, कारण साइक्सने १८३२ मध्ये तो हिप्सिपेटेसमध्येच ठेवला आणि तो आजही तिथेच आहे. हा साइक्स आपल्या दख्खनमध्ये हिंडलेला, त्यामुळे 'गणेसा' हे नाव कुठल्या मुलखातून आलं हे सांगायला नको. ॲक्रिटिलास ही प्रजाती ओबरहोल्सरने १९०५ साली केली. ती या एकाच जातीची आहे, आणि ती जात पश्चिम घाट व श्रीलंकेपलीकडे नाही. माझ्या मते तुमच्या वहीत सगळ्यात जास्त जागा तिला द्यायला हवी.

प्रतिसाद ३ (धागाकर्ता)

मनापासून आभार. कंसाचा अर्थ इतकी वर्षं पुस्तकं चाळूनही कुणी सांगितला नव्हता. पण शेवटचा शब्द पाहायचा म्हटलं तरी दोन ठिकाणी अडतंय. आयोले इक्टेरिकामध्ये 'इंडिका' कुठेच नाही. आणि काळ्या बुलबुलाच्या जुन्या दोन्ही नावांत 'गणेसा' नाही. मग हे तेच पक्षी कशावरून?

प्रतिसाद २ यांचे उत्तर

अगदी बरोबर पकडलंत. इथे प्रजातीचा नव्हे, जातीच्या सीमेचा प्रश्न आहे.

काळ्या बुलबुलाला पूर्वी मादागास्करच्या काळ्या बुलबुलाची उपजात (एकाच जातीतला प्रादेशिक प्रकार) मानत, नंतर हिमालयातल्याची. पूर्ण नाव तीन शब्दी होतं, हिप्सिपेटेस मादागास्करिएन्सिस गणेसा. यादी करणाऱ्याने तिसरा शब्द गाळला की खूण गेली. पुढे रासमुसेन आणि अँडरटन यांच्या २००५ च्या ग्रंथात घाटातला आणि श्रीलंकेतला हा पक्षी स्वतंत्र जात धरला गेला. लाल गळ्याच्याचंही असंच, तो मेलॅनिक्टेरसची उपजात होता. आज मेलॅनिक्टेरस हे नाव फक्त श्रीलंकेतल्या पक्ष्याला उरलं आहे आणि त्याच्या गळ्यावर लाल ठिपका नसतो.

इक्टेरिका उलट बाजूचं उदाहरण. ते नाव स्ट्रिकलंडने १८४४ मध्ये दिलं. जेर्डनचं इंडिका १८३९ चं, म्हणजे आधीचं, म्हणून जातीला ते. इक्टेरिका आता उत्तरेकडच्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या, उपजातीला लागतं.

अशा ठिकाणी नाव हात टेकतं आणि नोंदीची जागा कामाला येते. सिंधुदुर्गात या गटातला लाल गळ्याचा एकच, पिवळ्या भुवईचा एकच, काळा एकच. तेव्हा दोडामार्गच्या यादीतलं 'मेलॅनिक्टेरस' म्हणजे गुलारिस आणि 'मादागास्करिएन्सिस' म्हणजे गणेसा, यात शंका नको. हीच यादी कोलंबोची असती तर मी मेलॅनिक्टेरसला हात लावला नसता.

प्रतिसाद ४

आमच्या कुडाळच्या गटाने असंच केलंय, म्हणून सांगते. प्रत्येक पक्ष्याला एक पान द्या. वर गावातलं नाव आणि वर्णन, त्याखाली आजचं शास्त्रीय नाव लेखक आणि सालासकट, त्याखाली जुन्या यादीत जसं लिहिलं होतं अक्षरशः तसं, चुकीचं स्पेलिंगसुद्धा न सुधारता. कुठल्या यादीनुसार आजचं नाव घेतलं तेही लिहा. २०२५ मध्ये एव्हीलिस्ट ही एकत्रित जागतिक यादी आली आहे, ती धरलीत तर बरं. आजोबांची ओळ सगळ्यात वर ठेवा दादा.

प्रतिसाद ५ (धागाकर्ता)

ताई, पानाची मांडणी तशीच घेतो. अकरा नावांची पाच पानं करतोय, प्रत्येकावर जुनी नावं राहतील. एकच शंका उरली. जुन्या यादीत एके ठिकाणी नुसतं 'पिवळा बुलबुल' आहे, शास्त्रीय नाव नाही, ठिकाण 'तिलारी' एवढंच. तो लाल गळ्याचा की पिवळ्या भुवईचा?

प्रतिसाद २ यांचे उत्तर

दोन्ही पिवळे, दोन्ही तिलारीत आहेत. ठरवू नका. कुठल्याच पानावर न चढवता शेवटी 'बुलबुल, जात अनिश्चित' असं वेगळं पान करून तिथे ठेवा, आणि यादी करणारे हयात असतील तर शेंडी होती का एवढंच विचारा. दोघांनाही शेंडी नाही, तेव्हा 'होती' म्हणाले तर ती नोंद या दोघांचीही नव्हे. 'नव्हती' म्हणाले तर पुढचा प्रश्न डोक्याचा, काळं की पिवळं.