‘बाई चांगल्या मिळाल्या’ म्हणजे नेमकं काय मिळालं?

पर्वतीकर_आई
2 एप्रिलला ‘निळाई’ यांनी इथे लिहिलं होतं, की ऑटिझम असलेल्या मुलाला थेरपी, शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस), कायदे यांपेक्षा शाळेत एक मायाळू बाई मिळाली की झालं. प्रेमाने सगळं होतं. खाली बदामांचा पाऊस. तेव्हा गप्प बसले, पण तीन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

माझा मुलगा आता सहावीत आहे. पहिलीच्या बाई मायाळूच होत्या. येता-जाता गाल ओढायच्या आणि हा पुढचा तासभर गाल पुसत बसायचा. एकदा वर्गाला ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ सांगितलं. मधली सुट्टी झाली, पोरं पळाली, हा तसाच. बोट काढा असं कोणी म्हणालंच नव्हतं ना! मावशी झाडायला आल्या तेव्हा सुट्टी संपत आली होती आणि डबा दप्तरातच. बाईंना वाटलं, रुसलाय.

तिसरीच्या बाई करड्या. हसणं बेताचंच. पहिला आठवडा त्यांनी नुसतं बघितलं. मग फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम लिहायला लागल्या, झालेल्या तासावर काट. त्याचा बाक पंख्याखालून हलवला. तो पंखा करकरतो हे आम्हाला ऐकूही येत नव्हतं. ‘सगळ्यांनी वह्या काढा’ म्हटल्यावर त्याचं नाव घेऊन एकदा परत सांगायच्या, कारण ‘सगळे’मध्ये आपणही येतो हे त्याच्या गावीच नसतं. घंटा वर्गाच्या दाराशीच टांगलेली. ती वाजायच्या आधी हजेरीचा कागद देऊन त्याला खाली ऑफिसात पिटाळायच्या. आपल्यावर मोठी जबाबदारी आहे अशा थाटात हा जायचा.

त्यांनी त्याला एकदाही जवळ घेतलं नाही. आणि चौथीत बाई बदलल्या, पाटी पुन्हा कोरी. म्हणून चीड येते. स्वभावावर सोडलं की दर जूनला लॉटरी. जे जमलं ते एका कागदावर लिहून पुढच्या बाईंना द्यायला काय जातं?

खडूफळा
जातं काय ते मी सांगते. 22 वर्षं शिकवतेय. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक. माझ्या वर्गात 54. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्राने 2022 मध्ये विशेष शिक्षकांचंही प्रमाण घालून दिलं, प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे एक. आमच्याकडे फिरते विशेष शिक्षक येतात, रजिस्टर भरतात, चहा घेतात, पुढच्या शाळेत जातात. त्यांचाही दोष नाही, त्यांच्या गळ्यात किती शाळा ते त्यांना विचारा. वर मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. यात तुमच्या मुलाचा पंखा मला ऐकू यायला हवा होता, नाही का?

निळाई
माझ्या चार ओळींवर एवढा मोठा धागा! धन्य झाले. माझ्या भाचीला खरंच प्रेमळ बाईंमुळेच शाळा आवडायला लागली. आता प्रेम करणंही चूक असेल तर बोलणंच खुंटलं.

पर्वतीकर_आई
निळाईताई, प्रेम करा हो, गाल सोडून.
खडूफळा मॅडम, 54 मुलं हा अन्याय आहे, तुमच्यावरही. पण तिसरीच्या बाईंच्या वर्गात 50 होती.

खडूफळा
आलंच! ‘त्या बाईंना जमतं मग तुम्हाला का नाही.’ एका चांगल्या बाईचं उदाहरण देऊन बाकीच्या सगळ्यांना झोडपायचं. तुमची ती लॉटरी आम्ही रोज खेळतो, ताई. फक्त तिकीट सरकार काढतं.

दोन_मुलींचा_बाप
कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. धाकटीला बालवाडीत अशाच एका मुलाने ढकललं. भुवईवर दोन टाके. शाळा म्हणते, ‘समजून घ्या.’ समजून घ्यायचं कंत्राट माझ्या पाच वर्षांच्या मुलीने घेतलंय का? अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा आहेत पुण्यात, चांगल्या आहेत. तिथे का नाही घालत?

पर्वतीकर_आई
‘अशा मुलाने’, ‘अशा मुलांसाठी’. दोनदा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, आणि शेजारच्या शाळेत शिकणं हा त्याचा हक्क आहे, तुमची मेहरबानी नाही. वेगळ्या शाळेत कुणाला घालायचं ते त्या मुलाचे आईबाप ठरवतील. टाके पडले ते वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण ढकलायच्या आधी काय झालं, हे कोणी विचारलं का?

सिंहगडरोडवाला
थोडं अवांतर. वर डबा बंद राहिल्याचं वाचलं. आमच्या शाळेत डब्याचं वेळापत्रक आहे. सोमवार उसळ, मंगळवार पालेभाजी, बुधवार पोळीचा लाडू वगैरे. माझा मुलगा शाळेत खातो फक्त पार्ले-जी. सात. अख्खे. एकाचा कोपरा उडालेला असला तर पूर्ण डबा परत. आजी रोज सकाळी पुडा फोडून सोनाराने मोती निवडावेत तशी निवडते. नव्या बाईंनी ‘बिस्किटं चालणार नाहीत’ म्हणून डबा टेबलावर ठेवून घेतला. चौथ्या तासाला मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन स्वतःवरचा ताबाच सुटला. चिठ्ठी घरी आली, ‘वर्तन समस्या’. भूक ही वर्तन समस्या असते हे तेव्हा कळलं.

जुना_पेठकर
क्षमस्व, पण हे लाड आहेत. आमच्या वेळी ताटात पडेल ते गिळायचो. दोन वेळा उपाशी ठेवा, कारल्याची भाजीही खाईल. भूक लागली की सगळं जातं.

कोथरूडची_डबेवाली
काकांशी सहमत नाही, पण बिस्किटं म्हणजे निव्वळ मैदा आणि साखर. नाचणीची करून बघितलीत का? माझ्याकडे कृती आहे.

सिंहगडरोडवाला
केली. रंग वेगळा, आकार वेगळा, वर अक्षरं नाहीत. त्याच्या लेखी ते बिस्किटच नाही. कुत्र्याने मात्र आवडीने खाल्ली.

निळाई
पण 40 मुलांना नियम आणि एकाला सूट, तर बाकीची विचारणारच ना? माझी मुलगी घरी येऊन भांडेल, त्याला बिस्किट मग मला उसळ का.

सिंहगडरोडवाला
वर्गात एकाला चष्मा आहे, तो बाकीची मागत नाहीत.

जुना_पेठकर
चष्म्याची तुलना गैरलागू आहे. चष्मा डॉक्टर देतात. बिस्किट आई देते.

हिंजवडी_एकटा
मी 34 वर्षांचा, कोडिंग करतो, ऑटिझमचं निदान तिशीत झालं. सातवीत शाळेच्या शिबिराला गेलो होतो. तीन दिवस मसाल्याचा मिश्र भात, प्रत्येक घासात वेगळं काहीतरी. वाटाणा कधी येईल सांगता येत नाही. तीन दिवस पाणी पिऊन राहिलो आणि परतीच्या एसटीत चक्कर येऊन पडलो. काका, भूक लागली होती.

आणि कृपा करून ऑटिझम असलेल्यांना ‘स्वमग्न’ म्हणू नका, वर कोणी म्हटलेलं नाही तरी आगाऊ सांगतो. मी स्वतःत मग्न नव्हतो. ट्यूबलाइटचा आवाज, पुढच्याच्या केसांचं तेल, बाहेर कुकरच्या शिट्ट्या, सगळ्या जगात मग्न होतो. बाई सोडून.

जुना_पेठकर
शिबिराचं वाचून वाईट वाटलं. माझ्या काळात असा एक मुलगा वर्गात होता, त्याला आम्ही ‘ध्यान’ म्हणायचो. आत्ता आठवलं. असो. कारल्याचं वाक्य मागे घेतो, लाडांचं नाही.

दोन_मुलींचा_बाप
‘आधी काय झालं, हे कोणी विचारलं का’ असं म्हणालात, म्हणून काल धाकटीला विचारलं. तिने मागून जाऊन त्याचे डोळे झाकले होते, ‘ओळख कोण’. तिला काय माहीत? पण मला तरी कुठे माहीत होतं? शाळेने ‘समजून घ्या’ एवढंच सांगितलं, काय समजून घ्यायचं ते नाही. मागून हात लावू नकोस, समोरून हाक मार, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर टाके वाचले असते. याचा अर्थ मी तुमच्याशी सहमत झालो असा कृपया काढू नये.

पर्वतीकर_आई
नाही काढत. पण माझ्या कागदावर तिसरा मुद्दा शब्दशः हाच आहे.

खडूफळा
तो कागद आहे कुठे? यंदा माझ्या वर्गात एक मुलगी येतेय, गेल्या वर्षीच्या बाई म्हणाल्या, ‘शांत आहे, त्रास नाही’. तोंडावर बोटाचं वाचल्यापासून त्या ‘शांत’चीच भीती वाटतेय. पाठवा. एकच पान. दोन पानं वाचायला मला वेळ नाही, कारण वर दिलंय.

पर्वतीकर_आई
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दीड पान झालं.

खडूफळा
अक्षर बारीक करा.

कोथरूडची_डबेवाली
नाचणीच्या बिस्किटांना साचा मिळतो हो, अक्षरं उमटवायचा. लक्ष्मी रोडला विचारून सांगते.