शब्दचर्चा: ‘परिसंस्था पुनर्वसन’ की पुनरुज्जीवन?

प्रश्न (विटा): भाची पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली. उजाड माळ, बुजलेले ओढे पुन्हा नांदते करण्याचे आराखडे आखायचं काम तिला करायचंय. मराठी अर्जात तिने ‘परिसंस्था पुनर्वसन नियोजक’ लिहिलं (परिसंस्था म्हणजे एका जागेची माती, पाणी, झाडं आणि जीव मिळून), तर ग्रामपंचायतीत विचारलं, “कुठल्या धरणाचं?” योग्य शब्द सुचवा.

उत्तर (सातारा): पुनर्वसन नकोच. कोयना, धोम, वारणा, उरमोडी यांच्या मुलखात या शब्दात उठलेली गावं आणि न मिळालेल्या जमिनी आहेत. तो त्यांच्यासाठीच राहू द्या. ‘पुनर्स्थापना’ बऱ्याच ठिकाणी छापून येतो (व्याकरणाने पुनःस्थापना). संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशकच या कामाला दिलंय, तेव्हापासून तो जास्त दिसतो. पण त्यात बाहेरून आणून बसवल्याचा भास होतो. माझं मत ‘पुनरुज्जीवन’. ‘नदी पुनरुज्जीवन’ लोकांच्या कानावर आहेच.

उत्तर (कडेगाव): शब्द कुठलाही घ्या, फक्त ‘वृक्षारोपण’ म्हणू नका. आमच्याजवळच्या सागरेश्वरला बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून जंगल उभं राहिलं आणि १९८५ साली अभयारण्य झालं. तिथे झाडं हवीच होती. तोच हिशेब कासला लावला तर सडा (खडकाळ पठार) मरेल: जांभ्यावर बोटभर माती, खड्डे खणले की त्यातली इवली फुलझाडंच गेली. माण-खटावचा माळही कागदावर ‘पडीक’, प्रत्यक्षात पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचा, लांडग्याचा आणि धाविक पक्ष्याचा. नियोजकाचं पहिलं काम म्हणजे इथे मुळात काय होतं ते शोधणं. मग पावसाळ्यात कुठला तुकडा चराईला बंद ठेवायचा हे मेंढपाळांसोबत बसून ठरवणं, बाहेरून येऊन पसरलेली वेडी बाभूळ मुळासकट काढणं, पावसाळा सरल्यावर गवताचं बी गोळा करणं. पुढे दरवर्षी मीटरभर चौकट टाकून आतली रोपं मोजायची. हे मोजणं टाळलेला आराखडा मी आराखडा मानत नाही.

उत्तर (सातारा): पटलं. भाचीला नकाशे करायला शिकवा, जोडीला वनस्पती ओळखणंही. वन विभागाची कामं, सेवाभावी संस्था, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, खाण बंद करतानाचे आराखडे, सगळीकडे हेच लागतं.

प्रश्नकर्ता: आभार. अर्जात आता ‘परिसंस्था पुनरुज्जीवन नियोजक’, आणि खाली कंसात ‘माळरान व ओढे’.