४५ व्या वर्षी नोकरी सोडून जळगावला परतायचंय, दीड कोटी पुरतील का?

तापीकाठ: वय ४३, पुण्यात आयटीत. पंचेचाळिशीत राजीनामा देऊन जळगावच्या घरी राहायचं जवळपास ठरलंय. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगी आठवीत. खर्च महिना ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख. त्याच्या २५ पट दीड कोटी. फंड आणि एफडी मिळून तेवढे होतात. वर्षाला ४ टक्के काढायचे. कुठे चुकतोय?

भुसावळकर: काय भो, ते ४ टक्क्यांचं गणित अमेरिकेचं. विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांचे आकडे घेऊन, पैसा ३० वर्षं पुरावा अशा हिशेबाने मांडलं. तुम्हाला ४० वर्षं काढायची आहेत, तीही इथल्या महागाईत. ती ६ टक्के धरली तरी १२ वर्षांत खर्च दुप्पट. आजचे ५० हजार तुमच्या सदुसष्टाव्या वर्षी २ लाख होतात. आणि मुलीचं कॉलेज?

तापीकाठ: शिक्षणाचे २५ लाख वेगळे ठेवलेत.

निवांत_पारोळा: या बिनधास्त. आमच्याकडे रेल्वेतून, आयुध निर्माणीतून रिटायर झालेले किती मजेत राहतात! पुण्यात ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवून मिळवायचं काय? पोरीसोबतची ही वर्षं पुन्हा येत नाहीत.

भुसावळकर: त्यांच्या पेन्शनवर महागाई भत्ता चढतो, यांच्या एफडीवर नाही. ईपीएफची पेन्शन ५८ ला. १० वर्षं नोकरी झाली असेल तर पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दरवर्षामागे ४ टक्के कपात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारण साठीनंतरच. मधली १५ वर्षं सगळा भार फंडावर, आणि पहिल्याच दोन-तीन वर्षांत बाजार पडला तर पडत्या भावात युनिट विकत बसाल.

निवांत_पारोळा: मग थोडी शेती बघायची. केळी लावा, नगदी पीक आहे.

रावेरवाला: केळीला बसल्या जागी पगार समजू नका. लागवडीपासून घड उतरेपर्यंत वर्ष जातं. जूनमधल्या एका वादळात बाग आडवी होते, सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की झाडं उपटून फेकावी लागतात. माल तयार असतानाच भाव पडलेला असतो, हे वेगळंच. पेन्शनवाल्याने हौसेला करावी, खर्च भागवायला नाही. बाकी शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं, पण आधी उत्पन्न तर हवं ना!

डॉक्टरीणबाई: कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्यासोबत संपतो, त्याबद्दल कोणी बोललंच नाही. स्वतःची पॉलिसी आत्ताच काढा. बीपी-शुगर आधीच असेल तर त्यावरच्या क्लेमसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरीत असताना काढली तर त्यातली दोन वर्षं आताच सरतील. आणि ५० हजारांत मे महिन्याचं एसीचं बिल धरलंय का? पारा ४५ ला जातो तेव्हा कुलरने भागत नाही. लग्नसराईचे आहेर तर विचारूच नका, गावात राहणाऱ्याला टाळता येत नाहीत.

निवांत_पारोळा: वहिनी काही करतात का? त्यांचा पगार असेल तर चित्रच बदलतं.

तापीकाठ: हो, पुण्यातल्या खासगी शाळेत शिक्षिका आहे. तिला नोकरी सोडायची नाही.

भुसावळकर: आणि मुलगी?

तापीकाठ: तिच्याच शाळेत.

भुसावळकर: म्हणजे जळगावला तुम्ही एकटेच येताय? मग दोन घरांचा खर्च धरून नव्याने आकडे टाका.